नवरदेव सापडत नाही

मले कॉम्प्युटर अपग्रेड कर म्हणू नका बे. गेल्या टायमाले मार खाता खाता वाचलो.

जळगाव जामोदच्या माझ्या दुकानात साळा आला अन् हौसेनं कॉम्प्युटर अपग्रेड करून गेला. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग मी ज्या सॉफ्टवेअरवर करतो, ते माझ्या स्वतःच्या लग्नाच्याही आधीचं. ते सुरू तं झालं, पण फोटो सारे हरवले. स्क्रीनवर आलं, 'नवरदेव' सापडत नाही.

आता मी हरेक लग्नात नवरीच्या फोटोले तिचं नाव देतो, पण नवरदेवाच्या फोटोले 'नवरदेव' हेच. कॉम्प्युटरले म्हटलं, तूच शोध बाबा. त्यानं शोधला. मी न पाहताच पेनड्राइव्ह भरला अन् वरवट बकालले नवरदेवाच्या घरी नेऊन देल्ला.

तिथं सारं घर टीव्हीसमोर बसलं. गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, बदामात नवरी आली, अन् तिच्या बाजूले मागच्या महिन्यातला डोणगावचा नवरदेव! गोरा, उंच, वरून डोळ्यावर गॉगल.

सासूनं सुनेलेच विचारलं, "हा कोण वं?"

खरा नवरदेव माझ्याकडे पाहत उठला. मी चपला हातात घेऊनच निघालो. "उद्या बदलून देतो हो!"

दुसऱ्या दिवशी नवरीचा फोन. "दादा, तो फोटो बदलला काय?"

"नाही ताई, आत्ताच बसलो."

हळूच म्हणे, "मंग राहू द्या. कालपासून हे न सांगता चहा करून राह्यले."