कागदावरची सुबाभूळ

हसा तुम्ही, पण माझा संताप अजून उतरलेला नाही. सत्तावीस वर्षं मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि गारखेड्यात मला झाड ओळखायला शिकवणार कोण, तर शेजारचे काळे!

माझ्या फाटकाबाहेर शिरीष आहे. त्याच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं वाजतात आणि काळेंची दुपारची झोप मोडते, म्हणून त्यांनी महापालिकेत अर्ज ठोकला, ‘रस्त्यावरची सुबाभूळ तोडावी.’ सुबाभूळ म्हणजे तणासारखी माजणारी, ती तोडायची म्हटलं की कुणी फार विचारत नाही ना! एका सकाळी माणसं करवत घेऊन दारात हजर.

मी खोडाला पाठ लावून उभी राहिले. मुकादम म्हणाला, "मॅडम, कागदावर सुबाभूळच हाय."

"कागद ठेवा, ही शेंग बघा. रुंद, पिवळी. सुबाभळीची बारीक, तपकिरी असते आणि घोसानं लटकते."

काळे गॅलरीतून ओरडले, "पानं तर सारखीच आहेत! दोन्ही एकच!"

"मग तुम्ही आणि मीपण एकच का, दोघांना चष्मा आहे म्हणून?"

मुकादमानं शेंग कानाशी हलवून बघितली. "पटलं मॅडम. पण कागदावर एक सुबाभूळ तोडायचीच हाय. ती कुठं हाय मग?"

मी काळेंच्याच फाटकाकडं बोट दाखवलं. तिथं तपकिरी शेंगांचे घोस लटकत होते आणि खाली सावलीत त्यांची नवी गाडी उभी होती.

मुकादम करवत घेऊन तिकडं वळला, तसे काळे बनियनवरच जिना उतरत आले, "अहो, थांबा! तो शिरीष आहे!"