ताईचा हात

दवाखान्यात माझ्या शेजारी दोन बहिणी बसल्या होत्या. धाकटी रक्तदाबावर संशोधन करते, हे थोरलीने आल्या आल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

"उभा जन्म उंदरांचा रक्तदाब मोजलास. स्वतःचा कधी मोजलास?"

"ताई, हळू बोल."

"का? उंदीर ऐकतायत?"

"अगं, उंदराच्या शेपटीला पट्टा बांधायचा, तर आधी त्याला शांत करावं लागतं. घाबरला की आकडा खोटा येतो. माझी निम्मी नोकरी त्यातच गेली."

"आणि परवा तुला जिन्यात चक्कर आली, तेव्हा कोणी शांत केलं?"

"तू. ओरडून ओरडून."

नर्सने तिथेच धाकटीच्या दंडाला पट्टा बांधला.

"वाढलाय हो, मॅडम."

"बघ! सांगत होते ना मी! मीठ सोड, जागरणं सोड, ते मेले उंदीर सोड..."

"सिस्टर, जरा वेळाने पुन्हा बघाल? ही गप्प बसल्यावर?"

"बसते बाई गप्प. हात दे इकडे."

थोरली खरंच गप्प बसली. नर्सने पुन्हा मोजला.

"आता ठीक आहे. थोडासाच जास्त."

"ताई, ऐकलंस ना? मग तुझी नाडी का एवढी पळतेय?"

"माझी? तुला कसं कळलं?"

"मनगट माझ्या हातात आहे तुझं. सिस्टर, हिलाही पट्टा बांधा."