मंगळवारचे कण

मायक्रोस्कोपच्या खोलीबाहेर मी नंबराची वाट बघत होतो. शेजारी हातात नमुन्यांच्या डब्या घेतलेल्या दोन संशोधक मुली.

“ताई, परत तेच नमुने?”

“परत. तांब्याच्या पट्टीवर निकेल चढवलं. करंट तोच, वेळ तीच. आणि स्फटिक बघावेत तर फ्लॉवरचे गड्डे!”

“पण पेपरातल्या फोटोत कसे बारीक, एकसारखे आहेत.”

“ते एका मंगळवारचे. एकदाच आले. तेवढ्यावर सरांनी सिद्धांत मांडला, बढती घेतली.”

“आणि तुझा प्रबंध?”

“तसेच कण पुन्हा आणून दाखव, मग सही करतो, म्हणतात. दोन वर्षं झाली.”

“त्या मंगळवारी वेगळं काय घडलं होतं?”

“गेल्या महिन्यात शिपाईमामांनी कबूल केलं. सरांच्या चहात टाकायची सॅकरीनची गोळी त्यांच्या हातून माझ्या बीकरमध्ये पडली होती. मी ओरडेन म्हणून गप्प बसले.”

“एका गोळीने एवढा फरक?”

“अगं, सॅकरीन कणांना चिकटून बसतं, वाढूच देत नाही. मग जुना कण फुगायच्या ऐवजी शेजारी नवे बारीक कण धरतात. बाजारात नळांना निकेल चढवणारेसुद्धा हेच टाकतात!”

“सरांना सांगितलंस?”

“सांगितलं. मामांना निष्काळजीपणाचा मेमो मिळाला. सरांनी नव्या शोधाचं पेटंट टाकलं. तुलनेला हे बिनगोळीचे नमुनेही मागितलेत.”

“आणि तुझी सही?”

“करतील म्हणे. तोवर त्यांचा चार वाजताचा चहा मी करायचा. मामांच्या हातून गोळ्या पडतात ना!”