उजेड धरणारी

(अमरावतीचं एक सभागृह, रंगमंचामागची खोली. संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी चालू आहे. अकोल्याहून आलेल्या पेटीवादक माणिकबाई, त्यांची मोठी नणंद मनकर्णा, आणि माणिकबाईंची शिष्या प्राजक्ता. वाद्यवृंद आता प्राजक्ताच सांभाळते.)

मनकर्णा : हे काय व्हय वं? कपडे वाळू घालाचा चिमटा?

प्राजक्ता : लाइट आहे तो, आत्या. स्वरलिपीच्या स्टँडला अडकवायचा. बटण दाबलं की उजेड फक्त कागदावर पडतो. सगळ्यांना एकेक आणलाय.

मनकर्णा : सगळ्याइले आन ना. पन माणिकच्या स्टँडले काहून लावला? तिच्यापाशी मी हाव ना बॅटरी घेऊन. नवे सेल टाकले सकाळीच.

प्राजक्ता : हो, पण या वेळी... काकू, तुम्हीच सांगा ना.

माणिकबाई : मी काय सांगू? वाद्यवृंद तुझा. तू सांग.

प्राजक्ता : म्हणजे कसं आहे आत्या, या वेळी रंगमंच पूर्ण अंधारात ठेवायचाय. गाणाऱ्यावर तेवढा प्रकाश. बाकीच्यांचे हे छोटे छोटे दिवे. छान दिसतं. त्यात एक बॅटरी मध्येच...

मनकर्णा : मध्येच काय? उठू मी?

प्राजक्ता : उठू नाही हो! पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय तुमच्यासाठी. मधली.

मनकर्णा : खुर्ची पाव्हन्याले देतेत. मी पाव्हनी नाई. मी कलाकार हाव. शेंदूरजनाघाटले माइकवर नाव घेतलं होतं माहं. 'प्रकाशयोजना, मनकर्णाबाई.' विचार तुह्या काकूले.

माणिकबाई : ताई, तो निवेदक थट्टा करत होता.

मनकर्णा : टाळ्या तं खऱ्या होत्या ना? बरं, आन जवा त्या कागदावर किडे येतीन, तवा हा चिमटा फुंकर मारन का? शेंदूरजनाघाटलेच एक किडा बसला होता 'सा'च्या डोक्यावर. हिले वाटलं टिंब हाय. चढली ना हे वरच्या सप्तकात! गानारा बिचारा खालीच राह्यला.

माणिकबाई : तुम्ही फुंकर मारली, तोवर मी वर पोचले होते.

मनकर्णा : उतरवली तं म्याच ना.

प्राजक्ता : आत्या, हा हॉल बंद आहे. एसी आहे. किडे येत नाहीत.

मनकर्णा : किडे नाई, म्हणून मी पन नाई. असंच ना?

प्राजक्ता : मी नाही हो असं म्हणत! मला काय, तुम्ही बसलात तरी चाललं असतं. काकूच म्हणाल्या, माझ्या स्टँडलाही एक लाव म्हणून.

माणिकबाई : प्राजक्ता!

मनकर्णा : बोलू दे तिले. पोट्टी खरं बोलून राहिली. तं तू म्हटलं, माणिक?

माणिकबाई : ताई, मागच्या वेळी अकोल्याला काय झालं, आठवतं का? अंतरा सुरू झाला आणि उजेड गेला कागदावरून. गेला कुठे, तर थेट चंद्रभानजींच्या टकलावर.

मनकर्णा : डोळा लागला असन जराक.

माणिकबाई : लोक हसत होते. त्यांना वाटलं, मुद्दाम केलंय. चंद्रभानजींनी तबला वाजवता वाजवता टोपी घातली, ताई. अख्खा अंतरा मी अंधारात वाजवला.

मनकर्णा : वाजवला ना?

माणिकबाई : कसाबसा. आणि नुसता डोळा लागत नाही हो. हात हलतो तुमचा. त्याच्याबरोबर कागद हलल्यासारखा दिसतो. ओळ कुठली आणि मी कुठे, काही कळत नाही.

मनकर्णा : मंग तोंडावर सांगाचं. या लेकराच्या आड काहून लपून राहिली?

माणिकबाई : कोणत्या तोंडानं सांगू?

प्राजक्ता : मी चहा घेऊन येते.

मनकर्णा : बस खाली. तुले मालूम हाय, माह्या हातात बॅटरी कशी आली? ऐकून घे. आमची माय, म्हणजे हिची सासू. सूनबाई पेटी वाजवाले गावोगाव जाते, थे काही तिले खपे नाई. मी सासर सोडून माहेरी आलेली, रिकामीच. माय म्हने, मनकर्णे, हिच्यासंग जात जा, नजर ठेव. पयला कार्यक्रम हिवरखेडले. मी जाऊन बसली स्टेजवर हिच्या बाजूले, पदर घेऊन. लोक विचारत, ह्या कोन? काय वाजवतेत?

प्राजक्ता : मग?

मनकर्णा : चंद्रभानले तवा केस होते. भल्ले होते. त्यानंच आनून देली बॅटरी. म्हने, ताई, बसल्याच हा, तं उजेड तरी धरा.

माणिकबाई : आणि घरी परतल्यावर सासूबाई ओसरीतच बसलेल्या असायच्या.

मनकर्णा : पयला सवाल, हे कोनाकडं पाहून हासली? म्या म्हटलं, माय, मले काय मालूम? माहे डोळे कागदावर होते. नजर हालली असती, तं उजेड हालला असता.

प्राजक्ता : आत्या!

मनकर्णा : मंग माय म्हने, पुढच्या वेळी बॅटरी घरीच ठेव. म्या म्हटलं, ठेवतो. सूनबाई बेसूर झाली, तं लोक आपल्याच घरावर हासतीन. तवापासून सेलाले पैसे मायच देत जाय.

प्राजक्ता : पण काकू, तुम्ही खरंच हसायचात?

माणिकबाई : समेवर सगळेच हसतात गं. इतका वेळ आपापल्या वाटेनं गेलेली पेटी आणि तबला एका जागी भेटतात. मान वर होते, हसू येतं. त्यात काय आहे?

मनकर्णा : मी पन तेच म्हणून राहिली. मले काय मालूम.

माणिकबाई : प्राजक्ता, काढ तो चिमटा. ताई माझ्याजवळ बसतील.

प्राजक्ता : काढते, काकू.

मनकर्णा : राहू दे! हात नको लावू. पाह्यला म्या आताच, लावून. उजेड चांगला हाय मेल्याचा. हालत नाई, झोपत नाई. खुर्ची कुठी म्हटली तू? मधातली ना?

माणिकबाई : ताई, रागावून नका जाऊ.

मनकर्णा : राग नाई वं. मी चालली खाली.

माणिकबाई : खाली बसून काय करणार तुम्ही?

मनकर्णा : पाहीन. इतकी वर्सं निरा कागद पाह्यला, थोही वाचता येत नाई असा. आज मोकळ्या डोळ्यानं पाहीन, तू समेवर कशी हासतं थे.

माणिकबाई : इश्श! आता मला हसूच येणार नाही.

मनकर्णा : हास बिनधास्त. घरी गेल्यावर विचारनारं कोनी राह्यलं नाई आता.