ऑयवा लेहतोनेन यांचा बिल्ला कोणी काढला

जबाब
दिनांक ८ फेब्रुवारी २०२५, शनिवार. सुरुवात सकाळी १०.२० वाजता.

नाव डॅरेल आर्विद माकेला, वय २३ वर्षे, शिक्षण दहावी अपूर्ण, धंदा स्कीची दुरुस्ती करणे व स्कीला मेण लावणे, उन्हाळ्यात लाकूडतोडीची कामे. राहणार आईसोबत, गिरणीमागची वाट, टॅमरॅक लेक, जिल्हा थंडर बे, ऑन्टॅरिओ.

मी आज कोणी न बोलावता ठाण्यात हजर झालो असून अंमलदार श्रीमती होलकोम यांच्यासमोर बसून माझ्या हाताने लिहून देतो की,

परवा गुरुवारी, ६ तारखेला सकाळी साडेअकराच्या सुमारास, याच ठाण्याच्या एका अंमलदाराने मला दुकानात येऊन विचारले होते, "बुधवारी परत आलात तेव्हा फळ्यावर लेहतोनेन यांचा बिल्ला होता का?" मी "नव्हता" असे उत्तर दिले. ते उत्तर खरे आहे. त्यांनी पुढे काही विचारले नाही आणि मीही काही सांगितले नाही. राहिलेले आज सांगतो. नावांची अक्षरे मंडळाच्या वहीत पाहून लिहिली आहेत.

आमच्याकडे बुधवार मंडळ म्हणून एक मंडळ आहे. डिसेंबर ते मार्च दर बुधवारी सगळे मिळून रानात जातात. एक बुधवार पायी, एक बर्फात न रुतणारे रुंद स्नोशू पायात घालून, दोन बुधवार स्कीवर. बहुतेक सभासद साठीच्या पुढचे आहेत. प्रमुख श्रीमती कायसा रन्ताला, वय ६७, निवृत्त परिचारिका. माझ्याकडे पिछाडीचे काम आहे. पिछाडीच्या माणसाने सर्वांच्या मागे चालायचे असते आणि त्याच्या मागे रानात कोणी राहता कामा नये. एवढेच ते काम आहे. मागच्या वर्षी ऑयवा लेहतोनेन, वय ७४, यांनी सांगितले म्हणून ते मला मिळाले. काहींचे म्हणणे होते की मी फार घाबरट आहे. ऑयवा म्हणाले होते, "घाबरटच हवा. धीट माणूस मागे वळून बघत नाही."

वाटेच्या तोंडाशी गाड्या लावतो तिथे पत्र्याखाली एक फळा आहे. प्रत्येकाचा नाव कोरलेला लाकडी बिल्ला असतो. निघताना तो खिळ्याला अडकवायचा आणि परत आल्यावर काढून खिशात टाकायचा. एकही बिल्ला लटकत असेल तर कोणी घरी जात नाही, अर्ध्या तासाच्या आत शोधायला निघायचे. ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा. नवऱ्याने बायकोचासुद्धा काढायचा नाही. मागे एकदा श्रीमती नीमी रुसून गाडीत बसल्या आणि बिल्ला काढायला उतरेनात. आम्ही तेरा जण वीस मिनिटे थंडीत उभे होतो, पण श्री. नीमी यांनी बिल्ल्याला हात लावला नाही. हा नियम ऑयवा यांनी मंडळात घातला आहे. बिल्लेही त्यांनीच कोरलेले आहेत.

बुधवार, ५ तारखेला स्कीची फेरी होती. आम्ही अकरा जण होतो. सकाळी उणे सतरा होते, वारा नव्हता. ऑयवा नेहमीप्रमाणे आपल्या घरून स्कीवरच आले. त्यांचे घर टेकडीपलीकडे आहे व ते एकटे राहतात. कायसा त्यांना म्हणाल्या, "येतानाच दमलेला दिसतोस. परत कसा जाशील?"

ऑयवा म्हणाले, "तुझा वेलचीचा पाव खाऊन. नाहीच जमलं तर तू ओढत ने. नर्सच होतीस ना?"

"मेलेल्याला ओढायचं काम माझं नव्हतं, ते दुसऱ्या खात्याचं."

सगळे हसले. हे लिहिणे जरुरीचे आहे की नाही मला माहीत नाही. त्यांची तब्येत चांगली होती हे समजावे म्हणून लिहिले.

आम्ही १०.०५ ला निघालो. तळ्याकाठच्या झोपडीत १२.१५ ते १.२० जेवण झाले. परतताना दुपारी २.०५ वाजता जुन्या लाकूडवाल्यांच्या रस्त्याचा फाटा लागला. तो रस्ता टेकडीवरून ऑयवा यांच्या घराकडे जातो, साडेतीन किलोमीटर. बाकीचे नऊ जण पुढच्या वळणापलीकडे गेले होते. फाट्यावर मी आणि ऑयवा दोघेच होतो. आमच्यात झालेले बोलणे आठवते तसे लिहितो.

ऑयवा म्हणाले, "मी इथून सुटतो. फळ्यापर्यंत जायचं आणि मग उलट घरी यायचं म्हणजे पाच किलोमीटर जास्त. गुडघा कुरकुर करतोय."

मी म्हणालो, "कायसा गाडीने सोडतील."

"सोडेल. आणि वाटभर माझ्या वयावर प्रवचन देईल. त्यापेक्षा गुडघा परवडला."

"मग तुमचा बिल्ला?"

"तू काढ."

"तुमचाच नियम आहे, ऑयवा."

"माझाच आहे म्हणून तर मला मोडता येतो. सौना तापवायचाय मला, बुधवार वाफेच्या अंघोळीचा."

"मी तुमच्याबरोबर येतो."

"आणि त्या नऊ जणांच्या मागे कोण? पिछाडी सोडून फिरायला निघालास होय? जा, जा. तोंड असं करू नकोस, मी तू जन्मायच्या आधीपासून या रस्त्याने जातोय."

मी "बरं" म्हणालो.

माझ्या गळ्यात शिट्टी असते. तीन वेळा वाजवली की सगळे थांबतात आणि कायसा मागे येतात. मी ती वाजवली नाही. पुढे सगळे दमलेले होते, आणि ऑयवांना सर्वांसमोर बोलणी बसली असती. शिवाय हे काम त्यांनीच मला दिले होते. ते टेकडीवर दिसेनासे होईपर्यंत मी थांबलो. साधारण चार मिनिटे. त्यांनी वळून पाहिले नाही.

आम्ही २.५५ ला गाड्यांपाशी पोचलो. सगळ्यांनी आपापले बिल्ले काढले. कायसा थर्मासमधली उरलेली कॉफी वाटत होत्या, त्यांची पाठ फळ्याकडे होती. २.५८ वाजता मी माझा आणि ऑयवा यांचा असे दोन्ही बिल्ले एका हाताने काढले. हातमोजा जाड असल्यामुळे कोणाला दिसले नाही. मी तसे मुद्दामच काढले. मग कायसा वळल्या आणि फळा पाहून "मोकळा" असे मोठ्याने म्हणाल्या. हा आमच्यात रिवाज आहे. त्यावर सर्वांनी "मोकळा" म्हणायचे असते. मीही म्हणालो.

ऑयवा दिसत नाहीत याचे कोणाला नवल वाटले नाही. बिल्ला काढला की ते कोणाशी न बोलता स्कीवरून घरी निघून जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. ३.१० ला सगळे गेले.

सव्वापाचला, अंधार पडायच्या आधी, मी दुकानात ऑयवा यांचा फोन नंबर काढला. लावला नाही. "तान्हं बाळ आहे का मी?" असे ते म्हणाले असते.

पुढचे मला नंतर समजले ते असे. अडीचच्या सुमारास त्याच रस्त्यातल्या ओढ्यावर बर्फ खचून ऑयवा यांचा उजवा पाय पाण्यात गेला व घोटा मोडला. तिथे मोबाइल लागत नाही. ते सरपटत एका स्प्रूसच्या झाडाखाली गेले आणि काड्यापेटी होती तोवर शेकोटी करत राहिले. त्यांची मुलगी श्रीमती रीना हॉलंड कॅल्गरीला असते व रोज सहाला फोन करते. वडिलांनी उचलला नाही म्हणून तिने ६.४० वाजता कायसा यांना विचारले. कायसा म्हणाल्या, "बिल्ला निघालाय म्हणजे तो आलाय. सौनात बसला असेल, नाहीतर झोपला असेल." त्यांनी तसे म्हणणे बरोबरच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याला घराच्या धुराड्यातून धूर दिसला नाही, म्हणून तो पाहायला निघाला आणि ८.२५ वाजता ऑयवा सापडले. म्हणजे ते अठरा तास तिथे होते. बिल्ला खिळ्यावर असता तर आम्ही साडेतीनच्या आत शोधायला लागलो असतो आणि फाट्यावरचा त्यांच्या स्कीचा माग मीच दाखवला असता. अंधार पडायच्या आत ते सापडले असते. मी हे अंतर तीन वेळा कागदावर मोजून पाहिले आहे.

काल शुक्रवारी दुपारी २ वाजता मी रुग्णालयात त्यांना भेटलो. उजव्या पायाची गोठून मेलेली चार बोटे सोमवारी काढणार आहेत. मला पाहून ते म्हणाले, "ये. स्कीला मेण लावून ठेव, पुढच्या हंगामात बूट एक नंबर लहान लागेल."

मला हसू आले नाही. मी म्हणालो, "मी पोलिसांना सांगतो."

"काय सांगतोस? मी सांगून मोकळा झालोय. मी फळ्यापर्यंत आलो, बिल्ला काढला, मग हातमोजा राहिला म्हणून एकटाच परत आत गेलो."

"दोन्ही हातमोजे तुमच्या हातात होते."

"ते कोण बघतंय? म्हातारा होता, विसरला असेल, असं म्हणाले की झालं. लोकांना ते लगेच पटतं."

मग त्यांनी विचारले, "पत्र आलं ना?"

पत्र म्हणजे नोकरीचे. जिल्ह्याच्या वनवाटांवर रक्षक म्हणून १ मार्चपासून माझी निवड झाली आहे. त्या कामात हरवलेल्यांचा शोध घेणेही येते. पत्र मंगळवारी आले.

ऑयवा म्हणाले, "मग तोंड बंद ठेव. पिछाडीच्या पोरानं माणूस मागे सोडला हे तिथे कळलं तर कोण घेईल तुला? शाळा सोडलेल्या पोराला असं पत्र दोनदा येत नाही. बोटं माझी गेलीत, तुझं काय जातंय?"

मी त्यांना "बरं" म्हणालो. फाट्यावर म्हणालो होतो तसेच.

बाहेर व्हरांड्यात त्यांची मुलगी भेटली. ती गुरुवारच्या विमानाने आली आहे. तिने विचारले, "तुम्ही बाबांना नेहमी भेटता ना? हे आधीपासून होतं का? असं विसरणं, भरकटणं?"

मी "मला कल्पना नाही" असे म्हणालो.

ती म्हणाली, "बिल्ला काढून, घरी जायचं सोडून, पुन्हा रानात जायचं म्हणजे डोकं जागेवर नाही. नुसता पाय घसरला असता तर मी काही म्हटलं नसतं. मंगळवारी घराच्या दलालाला बोलावलंय. मी त्यांना कॅल्गरीला नेतेय, तिथे एक चांगली जागा आहे, रात्री दारं बंद करतात."

मी घरी येऊन आईला सगळे सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "उद्या सकाळी दाढी करून जा."

म्हणून मी स्पष्ट लिहून देतो की ऑयवा लेहतोनेन काही विसरले नव्हते व भरकटले नव्हते. ते ओळखीच्या रस्त्याने स्वतःच्या घरी चालले होते. बुधवारी परतताना ते फळ्यापाशी आलेच नाहीत. त्यांनी या ठाण्याच्या अंमलदारांना दिलेला जबाब मला वाचवण्यासाठी दिलेला आहे आणि त्यात ते मुळीच गोंधळलेले नाहीत, उलट त्यांनी सगळा विचार केलेला आहे. तळे कोणत्या साली कोणत्या तारखेला गोठले हे ते १९७१ पासून सांगू शकतात. कोणाला शंका असेल तर विचारून पाहावे. त्यांचा बिल्ला मी सोबत आणला असून तो अंमलदारांच्या ताब्यात दिला आहे.

श्रीमती होलकोम यांनी विचारले की ऑयवा यांनीच बिल्ला काढायला सांगितले, तर दोष त्यांचा नाही का? त्यावर माझे म्हणणे असे, की सांगणे त्यांचे होते, पण पिछाडी माझी होती.

त्यांनी असेही विचारले की या जबाबाची प्रत वनवाटा विभागाने मागितली तर द्यावी लागेल, हे मला माहीत आहे का. माहीत आहे. मी स्वतः सोमवारी त्यांना कळवणार आहे. माझी विनंती एवढीच, की एक प्रत श्रीमती रीना हॉलंड यांना मंगळवारच्या आत मिळावी. मी हे तिला तोंडी सांगायला आज सकाळी आधी रुग्णालयात गेलो होतो. गाडीतून उतरणे झाले नाही.

मला यापेक्षा जास्त काही सांगायचे नाही.

लिहून झाल्यावर श्रीमती होलकोम यांनी सर्व मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. वेळा व नावे बरोबर आहेत. बिल्ला काढल्याच्या वाक्यात "नजरचुकीने" हा शब्द घातला तर माझ्या दृष्टीने बरे पडेल, असे त्यांनी सुचवले व मी तो एकदा घातलाही होता. तो मी खोडला आहे. खोडल्या जागी माझी सही आहे आणि खालीही माझीच सही आहे.

डॅरेल आ. माकेला
दुपारी १२.०५