दोन बोटांची ढिलाई

ऐका. शेकोटीजवळ सरका. ज्याच्या दारात जुनी जीप उभी आहे त्यानं तर आणखी पुढं यावं. गोष्ट त्याच्यासाठीच आहे आणि मी ती गोड करून सांगणार नाही.

गणपा मुळीक अंधार पडल्यावर जीप घेऊन निघाला. एकटाच. करंजखिंड चढून पलीकडच्या बाजाराला, जीप विकायला. दिवसा का नाही निघाला? दिवसा माझ्या दारावरनं जायची छाती नव्हती म्हणून. त्याच जिपेनं माझा भाऊ खाल्ला होता. हिंदुराव.

हिंदुराव त्याच्याकडं ड्रायव्हर. वडापची गाडी, दहा माणसं कोंबायची आणि खिंड चढायची. पण माझ्या भावाची एक रीत होती. रोज सकाळी चाकांना दगड लावायचा, गिअर काढायचा आणि गाडीखाली उताणा झोपायचा. मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा असतो, शाफ्ट म्हणतात त्याला. तो हातानं इकडं पिळायचा, तिकडं पिळायचा. मोकळा किती फिरतो ते बघायचा आणि खडूनं दोन रेघा मारायचा. रेघांमध्ये एक बोट अंतर असलं तर गाडी काढायची. जास्त झालं की मालकाला हाक.

तशी एकदा हाक मारली. म्हणाला, दोन बोटं झालीत मालक. मागचं चाकही जॅकवर उचललं की डुलतंय. एक्सलच्या मधला गोळा घोंघावतोय. आतले दाते गेलेत, खोलून बघू. तो दिवस नेमका बाजाराचा. मुळीक हसला. "तुला आवाजाचाच त्रास ना? आवाज घालवतो."

काय केलं असेल? सुताराकडचा भुसा आणला आणि गोळ्यातल्या तेलात कालवला. दात्यांत भुसा बसला की आवाज गप. झीज आहे तिथंच. वर म्हणतो कसा, तू नेणार नसशील तर दुसरा नेईल.

दुसऱ्यानं नेली तर दहा माणसं मारेल, म्हणून हिंदुरावनंच नेली. खिंडीतला शेवटचा चढ आला तशी त्यानं सगळ्यांना उतरवलं, चालत या म्हणाला. ती माणसं चालत असताना एक्सल तुटला, चाक एक्सलच्या तुकड्यासकट बाहेर आलं आणि जीप हिंदुरावसकट मागं घसरत दरीत गेली. दहाही माणसं वाचली. आणि मुळीकनं गावभर केलं की हिंदुराव पिऊन होता. ज्यांना त्यानं उतरवलं तीच माणसं म्हणाली, प्याला असेल म्हणूनच उतरवलं. माझ्या वहिनीला नळावर बायका बेवड्याची बायको म्हणायला लागल्या.

तर ती जीप मुळीकनं वर ओढून काढली. कुठल्या तरी भंगार गाडीचा एक्सल घातला. तोही घोंघावला, मग पुन्हा भुसा. आणि गिऱ्हाईक कोण? तोही वडापवालाच.

आता ऐका. पहिल्या वळणावर गिअर टाकला आणि खालून आवाज आला. टक्. अगदी बारीक. दुसऱ्या वळणावर टक्. मुळीक उतरला, बॅटरी मारून बघितलं. शाफ्टवर खडूच्या दोन रेघा. ओल्या बोटानं पुसाव्यात अशा ताज्या. एक बोट अंतर. त्यानं पुसल्या. पुढं गेला. टक्. उतरून बघतो तर रेघा पुन्हा तिथंच, दोन बोटं अंतर. मागं वळावं तर रस्ता एवढा अरुंद की वळताच येत नाही.

शेवटचा चढ आला. इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. मग गाडी डुलायला लागली. कुणीतरी मागचं चाक वर-खाली धरून हलवतंय. सावकाश. तपासतात तसं.

आणि गाडीखालनं आवाज आला, रोज यायचा तसाच, अदबीचा.

"गिअर काढा मालक. चाकांना दगड लावा. खाली या."

गेला. पाय आपोआप गेले म्हणतो. दगड लावले, उताणा झोपला.

"गोळ्याचं बूच खोला."

पान्यानं बूच खोललं. तेल नाही आलं. भुसा आला. काळा, ओला, गरम. येतोय, येतोय, थांबत नाही. पोटावर साचला, छातीवर साचला, गळ्यापर्यंत आला.

"कुणी घातला?"

"मिस्त्रीनं," मुळीक म्हणाला. बघा, तिथंसुद्धा खोटं.

चाकामागचा एक दगड सरकला. आपोआप. गाडी इंचभर मागं आली. मग दुसरा सरकला. चाक फिरलं आणि त्याच्या छातीकडं यायला लागलं. तेव्हा कुठं तो ओरडला, "मी घातला! हिंदुराव प्याला नव्हता. मला ठाऊक होतं एक्सल गेलाय. मी घातला!"

चाक थांबलं. छाती आणि टायर यांच्यात दोन बोटं जागा होती.

पहाटे तो माझ्या उंबऱ्यावर आला. अंगभर काळा भुसा. हे सगळं त्यानं स्वतः सांगितलं आणि पाणी मागितलं. मी म्हटलं, पाणी मिळेल, आधी चावडीवर चल. सगळ्या गावापुढं त्याच्याकडनं वदवून घेतलं. वहिनीला पुढं बसवलं. ती सगळं होईपर्यंत त्याच्याकडं बघत राहिली. मग तांब्या मीच दिला.

म्हणून सांगते, रात्रीचं करंजखिंडीनं जाऊ नका. हिंदुराव अजून प्रत्येक गाडी तपासतो. जायचीच वेळ आली तर दिवसाउजेडी आधी स्वतः गाडीखाली झोपा, शाफ्ट पिळा, चाक हलवून बघा. ज्यानं तपासलंय त्याला तो वाट देतो. ज्यानं भुसा घातलाय त्याला नाही.

आणि मला विचाराल, तर ती दोन बोटं तरी माझ्या भावानं का सोडली, ते मला अजून कळलेलं नाही.