मागच्या चाकावरचं वजन

वाळू : "वाळू, ये रे... दिवा लावलाय, भाकर टाकलीय, चल आपल्या घराला." अशीच होती ना गं आक्का, आईची हाक? मी आंब्यावरून पडलो होतो तेव्हाची.

भागी : अशीच. पण तू तर तापानं फणफणला व्हता, तुला कसं आठवतं?

वाळू : तेच सांगतोय. मी घरात गोधडीत आणि आई तिकडं बांधावर. तरी कानाशी बोलल्यासारखी ऐकू आली.

भागी : यायचीच. माणूस जिथं पडतं तिथं त्याच्यातलं कायतरी मागं ऱ्हातं. घरच्यानं जाऊन नाव घेऊन हाक मारली, की येतं पाठोपाठ. आई तांदूळ सांडत सांडत घरापतूर आली. मागं वळून बघितलं नाय. चल आता, बस सीटवर. दिवस कलायला लागला.

वाळू : आणि मी घाटात लुनावरून पडलो तेव्हा तू गेलीस.

भागी : आई नाय, मंग कोण जाणार? तुझी मोहिनी शेहरातली. तिला म्हणलं घाटात जाऊन हाक मार, तर ती डाक्टरलाच फोन लावंल. बस. पुलापतूर जाऊन येऊ. डाक्टरनं सांगितलंय ना, सायकल चालवली की गुडघा मोकळा व्हतो.

वाळू : सांगितलं होतं. आज सकाळी वेगळंच बोलला.

भागी : काय बोलला?

वाळू : फोटो बघितला. हाड छान जुळलंय म्हणाला. मग गुडघा दाबून बघितला आणि माझ्यावरच चिडला. म्हणे, सायकलीवर मागं कुणाला बसवता? मी म्हटलं, कुणाला नाही, एकटाच असतो, शेजारून बहीण चालते. तर म्हणाला, खोटं बोलू नका, ही सूज डबलशीट नेल्याची आहे. असंच चाललं तर हा पाय उभं राहायच्या कामाचा राहणार नाही.

भागी : त्याला काय कळतंय.

वाळू : त्यालाच कळतं आक्का, म्हणून तर पैसे घेतो. आणि माझं काम उभ्याचं आहे. सोमवारी मशीनवर हजर झालो नाही, तर सुपरवायझर दुसऱ्याला उभं करणार आहे. सातपूरला माणसं काय गेटवरच बसलेली असतात.

भागी : मंग आज हळू चालव. मी हाय ना बाजूला.

वाळू : तू बाजूला नसतेस. तू मागं चालतेस.

भागी : मागं काय न् बाजूला काय.

वाळू : परवा चाक बसलं म्हणून लहानूकडं नेलं. त्यानं ट्यूब काढून पाण्यात बुडवली, सगळी फिरवली, एक बुडबुडा नाही. म्हणाला, पंक्चर नाही भाऊ, जड माणूस बसवत जाऊ नका. मी हसलो. काल पुलाजवळ चहाला थांबलो, तर गोजराबाईनं दोन कप भरले. मी म्हटलं, एकच द्या. ती माझ्या मागं बघत राहिली, आणि एक कप पुन्हा पातेल्यात ओतला. पैसे पण घेईना.

भागी : म्हातारी झालीय ती.

वाळू : आक्का, मी सपाटीला पायडल मारतो आणि चढाला लागल्यासारखं वाटतं. ब्रेक दाबला की मागून कुणीतरी पुढं कलतं, माझ्या पाठीला टेकतं. मी उतरतो, तरी सायकल हलकी होत नाही. आत्ता बघ. मी खाली उभा आहे, आणि मागचं टायर बघ कसं दबलंय.

भागी : ...बघितलं.

वाळू : तुला भीती नाही वाटली?

भागी : नाय.

वाळू : मला वाटते. कारण मला वासही येतो. ओल्या पेंढ्याचा. इथं कालव्याला सगळ्या द्राक्षाच्या बागा, भाताचा पेंढा कुठून येणार?

(स्टँडवर लावलेल्या सायकलीच्या कॅरिअरची स्प्रिंग कुरकुरते.)

वाळू : दाजी ज्या टेम्पोतून पडले, त्यात पेंढा भरलेला होता. द्राक्षाच्या कामाला येत होते. पावसाची सर आली होती. वळणही तेच, मी पडलो ते. खरं सांग आक्का. तू तिथं जाऊन काय केलंस?

भागी : तुला हाक मारली. नाव घेऊन. वाळू, चल, म्हणलं.

वाळू : आणि?

भागी : आन् काय. तांदूळ टाकत निघाले.

वाळू : तू रोज या फिरायला निघताना पेटीतलं लुगडं नेसतेस. मोहिनी मला चिडवते, आक्का कुणाला दाखवायला नटतात कालव्यावर, म्हणते. अबोलीचा गजराही असतो. तो आजही आहे. माझ्या गुडघ्यासाठी गजरा कशाला लागतो?

भागी : तू लय बारीक बघतो रे.

वाळू : आणि कॅरिअरवर हात ठेवून चालतेस.

भागी : कॅरिअरवर नाय.

वाळू : मग?

भागी : त्यांच्या गुडघ्यावर.

वाळू : दाजींच्या?

भागी : भिऊ नको. ते काय करत नाय. नुसते बसत्यात. जत्रेला नेलं व्हतं तुला, तवा तू बसायचा तसे, एका अंगाला पाय सोडून. मला तोंड दिसत नाय. पण हाताला गुडघा लागतो. गार असतो, नदीतल्या धोंड्यावानी.

वाळू : म्हणजे तू त्यांनाही हाक मारलीस.

भागी : त्यांना कुणीच मारली नव्हती रे. सासूबाई आधीच गेलेल्या, भाऊ नाय, बहीण नाय. माझी पोर राखी, ती अंगावर पीत व्हती. लोकांनी आणलं, जाळलं, दिवस घातले. पर वळणावर कोण गेलं? नाव घ्यायला पायजे. आन् मी बायको. मी त्यांचं नाव कसं घेणार?

वाळू : रेशनच्या ऑफिसातही नाही घेतलंस. कारकून विचारून विचारून थकला. शेवटी मलाच खिडकीशी ढकललंस. तो म्हणाला, बाईला नवऱ्याचं नाव ठाऊक नाही का. आणि दाजी मागं उभं राहून हसत होते.

भागी : हसायचे. घरात एकटे असलो की म्हणायचे, घे एकदा, कोण ऐकतंय. मी तोंडाला पदर लावायची. राखी मोठी झाली, तिनंबी माझ्या तोंडून बापाचं नाव ऐकलं नाय. एवढी वरसं येसटी त्या वळणावरून गेली की मी डोळे मिटून बसायची. ते तिथंच उभे असणार, पावसात, आन् मी बंद खिडकीतून पुढं चाललीय.

वाळू : मग त्या दिवशी काय म्हणालीस?

भागी : तुझं नाव घेतलं. वळले. दोन पावलं गेले असंन. मंग पुढं बघूनच म्हणलं, तुमीबी चला. एवढंच. नाव नाय घेतलं. नुसतं, तुमीबी चला.

वाळू : बिननावाची हाक.

भागी : त्यांना कसं कळणार कुणाच्या घरी चला, कुणाच्या मागं चला? जे नाव कानावर पडलं, त्याच्या मागं आले. तुझ्या. घरात येत नाय, उंबऱ्याशी थांबत्यात. तू सायकल काढली की बसत्यात.

वाळू : तुला हे कधी कळलं?

भागी : पैल्या दिवशीच. तू म्हणाला, आक्का, आज जड जातीय सायकल. मी मागून हात लावला, ढकलावं म्हणून.

वाळू : आणि तरी मला रोज चल म्हणालीस.

भागी : चल म्हणले.

वाळू : गुडघा नारळाएवढा होतो रात्री. तूच शेकत बसतेस.

भागी : शेकताना रोज ठरवते, उद्या सांगीन. सकाळ झाली की पेटीतलं लुगडं काढते. तू शिव्या दे मला.

वाळू : शिव्या काय देणार. मला सायकल शिकवली त्यांनीच. पण आता काय करायचं, ते सांग. मी नाव घेऊन सांगू का त्यांना, जा म्हणून? मला काही बंदी नाही.

भागी : तुझं नाय ऐकायचे. हाक माझी व्हती. आरधी ऱ्हायली ती मीच पुरी करायची.

वाळू : मग कर.

भागी : नाव घेतलं की त्यांना वाट कळंल. मंग ते वळणावर नसतील, हितंबी नसतील. मी कशावर हात ठेवू?

वाळू : असू दे. बस झालं रडणं. पुलापर्यंत जाऊन येऊ आजच्या दिवस. चला दाजी, सावरून बसा. सोमवारचं सोमवारी बघू.

भागी : वाळू, नको बसू.

वाळू : बसलो. हं... आक्का, जरा मागून... नाही, नको, तू हात आहे तिथंच ठेव. मी ओढतो. हळूहळू जाईल... आई गं.

भागी : थांब. पाय टेकव. थरथरतोय रे नुसता. दात नको दाबू, टेकव तो पाय खाली.

वाळू : टेकवलाय. जातो थोडं अजून. इतक्यात नको उतरवू त्यांना.

भागी : तू पुढं बघ. मागं वळायचं नाय.

वाळू : नाही वळत.

भागी : अवं... ऐकता ना? मी काय म्हणते... कोंडाजी. कोंडाजी, उतरा आता. माझ्या भावाचा पाय दुखतोय.